जावईबुडीचे दोन साक्षीदार

आखातात नवीन माणूस भेटला की दोन प्रश्न विचारायची पद्धत होती. कंपनी कुठली आणि व्हिसा कोणाचा. तिसरा प्रश्न मला एकाच माणसाने विचारला. शारजात येऊन मला जेमतेम महिना झाला होता. शुक्रवारची मिस्सा आटोपून मी आणि माझा नवरा व्हिक्टर चर्चच्या आवारात समोसे खात उभे होतो. तेवढ्यात एक उंच, उन्हाने लालबुंद झालेले, कानामागे पेन्सिल खोचलेले आयरिश धर्मगुरू गर्दीतून वाट काढत, व्हिक्टरला ओळखीची मान हलवून सरळ माझ्यापुढे आले.

"नया आया? अच्छा. बाप का खेत है? नाम क्या?"

मी म्हटलं, "पास्कल."

"बाप का नाम नहीं, मिसेस लोपीस. खेत का नाम!"

हे फादर डेक्लन. त्यांना इथे येऊन पंचवीस वर्षं होऊन गेली होती आणि त्यांची हिंदी पठाण टॅक्सीवाल्यांनी घडवली होती. आम्हाला सगळ्यांना इंग्रजी येत असूनही गावाच्या चौकशा ते हिंदीतच करत. त्याचं कारण त्यांनी मला पुढे सांगितलं. इंग्रजीत विचारलं की माणसं गावाबद्दल चांगलं तेवढं सांगतात, हिंदीत विचारलं की खरं बोलून जातात.

त्यांचं स्वतःचं गाव बालीडर्ग. साठ घरं, दोन दुकानं आणि दरवर्षी पुराचं पाणी शाळेत आणणारी एक नदी. या गावाचा इतिहास फादर शारजात बसून लिहीत होते. राजांचा, लढायांचा इतिहास नव्हे. तिकडे प्रत्येक शेताला नाव असतं, आपल्याकडे गाईबैलांना असतं तसं. कुठल्या शेताचं नाव काय, ते का पडलं, विहीर कोणी खणली, कुंपणावरून कोण कोणाशी बोलेनासं झालं, हे सगळं ते चिठ्ठ्यांवर उतरवत. मिस्सेच्या देणगीची पाकिटं, विमानातले रुमाल, खजुराच्या खोक्यांचे पुठ्ठे, काहीही त्यांना चालायचं. ट्रॅक्टर आले, कुंपणं पडली, पाच शेतांचं एक शेत झालं, आणि चार नावं उघड्यावर पडली. फादर म्हणत, "खेत खलास. नाम बेचारा घूमता है, बिना व्हिसा."

ही नावं गावात आता फक्त एका व्यक्तीला पाठ होती. त्यांची थोरली बहीण ब्रीदी. नव्वदीला टेकलेली, अविवाहित, जुन्या घरात एकटी. फादर तिला दर आठवड्याला पत्रातून दहा प्रश्न पाठवत आणि ती दहा उत्तरं पाठवी. त्यातली दोन तरी फटकळ असत. "सातव्याचं उत्तर तुला लहानपणापासून माहीत आहे, उगाच टपालखात्याची धन करू नकोस." असं उत्तर आलं की फादर आठवडाभर खुशीत असत.

पण ब्रीदीने सांगितलं म्हणून ते छापायला घेत, असं मात्र नाही. त्यांचा नियम कडक होता. एक साक्षीदार म्हणजे गप्पा, दोन साक्षीदार म्हणजे इतिहास. दुसरा साक्षीदार बहुधा गावचा म्हातारा हॅनलन असे. तो दारूच्या गुत्त्यात बसलेला सापडायचा आणि ब्रीदीशी त्याचं जन्माचं वाकडं होतं, त्यामुळे त्या दोघांचं एकमत झालं तर ते खरंच असणार, असा फादरचा हिशेब. हा नियम ते सगळीकडे लावत. चर्चचा एसी बंद पडलाय असं कोणी सांगितलं की घामाने निथळत ते विचारत, "दूसरा गवाह?"

प्रवचनाचंही तसंच. सुरुवात पवित्र शास्त्रातून व्हायची, आणि पाचव्या मिनिटाला आम्ही सगळे बालीडर्गच्या चिखलात. समोर केरळच्या नर्सेस, फिलिपिनो पोरी, गोव्याचे सुपरवायझर, आमची वसईची मंडळी. हॅनलन आणि टूही या दोन घराण्यांचं एका फाटकावरून तीन पिढ्यांचं भांडण होतं. ते सगळ्या शारजाला पाठ झालं होतं. एकदा रोल्लाच्या भाजीबाजारात केरळचे एक वयस्कर काका मला थांबवून काळजीने म्हणाले, "सिस्टर, वो गेट का फैसला हुआ क्या?" मी म्हटलं, "नहीं हुआ." ते मान हलवत कोथिंबीर निवडायला लागले.

आता माझ्याविषयी थोडं, कारण पुढचा घोळ माझा आहे. मी एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात सेक्रेटरी होते, आणि टायपिंगमध्ये मला तोड नव्हती. नम्रपणा बाजूला ठेवून सांगते, अजूनही नाही. आमच्या क्लासच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "वाचलंस तर चुकशील. मजकूर डोळ्यांतून बोटांत उतरू दे, डोक्यात थांबू देऊ नकोस." मी ते इतकं मनावर घेतलं होतं की माझ्याच पगारवाढीचं पत्र मी टाइप केलं आणि मला ते दुसऱ्याने सांगितल्यावर कळलं.

एका गुरुवारी संध्याकाळी फादर आमच्या रोल्लाच्या फ्लॅटमध्ये दोन पत्र्याचे डबे घेऊन आले. लाल डब्यात बालीडर्ग. पिवळ्या डब्यात आम्ही सगळे, म्हणजे वसई, केरळ, फिलिपिन्स, ज्याला म्हणून त्यांनी बापाच्या शेताचं नाव विचारलं होतं तो प्रत्येक जण. त्या दिवशी ते हिंदी बोलले नाहीत. खुर्चीच्या कडेला बसून इंग्रजीत म्हणाले, "मिसेस लोपीस, ब्रीदीने या आठवड्यात दहापैकी सहाच उत्तरं दिली. चौथ्या प्रश्नापुढे लिहिलंय, 'हे मला पूर्वी यायचं.'" मग बराच वेळ ते डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिले. "नावं तिची आहेत. ती तिला ओळखू येताहेत तोवर पुस्तक तिच्या हातात पडलं पाहिजे. नंतर ते छापून मला काय करायचंय?"

मी व्हिक्टरला म्हटलं, टीव्ही हलव, टेबल इथे लागेल.

त्यानंतर सहा महिने आमचे गुरुवार बालीडर्गला गेले. फादर चिठ्ठ्या लावून देत, ओली शेतं एका बाजूला, कोरडी दुसऱ्या बाजूला, आणि मी ऑफिसने टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर बडवत सुटे. मध्येच ते सुक्या बोंबलाची चटणी मागून घेत, खात, डोळ्यांतून पाणी काढत आणि पुन्हा मागत. माझी नऊ वर्षांची शेरॉन एकदा त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "Father, it's just grass. Who cares what it's called?" मी तिच्यावर डोळे वटारले. फादरनी तिला शांतपणे विचारलं, तुझ्या बाहुलीचं नाव काय? "Jennifer." "का? It's just plastic." शेरॉन फणकाऱ्याने आत गेली, आणि पुढच्या गुरुवारपासून चिठ्ठ्यांना टाचण्या लावायचं काम तिने स्वतःहून घेतलं.

असाच एका गुरुवारी बाबांच्या शेताचा विषय निघाला. आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला एक अरुंद पट्टी आहे आणि तिला लागून बावखल, म्हणजे वसईतलं वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. त्या पट्टीला पूर्वी नुसतं 'खालचा तुकडा' म्हणत. लग्नानंतर व्हिक्टर पहिल्यांदा सासुरवाडीला आला तो नव्या टेरिकॉटच्या सुटात. जेवण झाल्यावर बाबा त्याला वाडी दाखवायला घेऊन गेले. सासऱ्यावर छाप पाडायची म्हणून हा प्रत्येक केळीपुढे "वा! वा!" करत मागे मागे सरकत राहिला, घड नीट दिसावा म्हणून. बाबा थांब म्हणेपर्यंत सुटाबुटासकट बावखलात. पाणी कमरेएवढं होतं, पण डोक्यावर शेवाळ घेऊन उभा राहिलेला जावई अख्ख्या आळीने पाहिला. त्या दिवसापासून तो तुकडा जावईबुडी. माझा भाऊ आजही गड्यांना सांगतो, जावईबुडीला पाणी सोडा.

फादर इतके हसले की चष्मा काढून टेबलावर ठेवावा लागला. मग अचानक गंभीर झाले. "नाव किती वर्षांचं?"

"बारा."

"बारा वर्षांचं! मिसेस लोपीस, बालीडर्गमध्ये मी जन्मल्यापासून एकही नाव जन्मलं नाही. नुसत्या मयती. आणि हा मनुष्य इथे चहा पितोय!" त्यांनी व्हिक्टरकडे असं पाहिलं की तो बिचारा कप ठेवून उभाच राहिला. फादरनी लगेच दुसरा साक्षीदार म्हणून त्याची जबानी घेतली आणि एका देणगीच्या पाकिटावर इंग्रजीत लिहून काढलं. पुढच्या बाजूला: जावई बुडाला ते शेत. अरुंद, खालच्या अंगाला ओल, शेजारी तळं. घरचा जावई पहिल्याच भेटीत, नव्या सुटात, जमिनीचं कौतुक करत उलटा चालत पाण्यात गेला. मागच्या बाजूला: वसई, केळी, पानवेली. त्यांची पद्धतच तशी. पुढे नाव आणि कथा, मागे बाकीचा तपशील. छापायची ती पुढची बाजू.

मग डोळे पुसत त्यांनी ते पाकीट हाताशी आलेल्या गठ्ठ्यावर ठेवलं. तो गठ्ठा होता लाल डब्यातल्या ओल्या शेतांचा.

पुढच्या गुरुवारी मी तो गठ्ठा टाइप केला. ती कथा मीच सांगितलेली, नवरा माझा, शेत बापाचं, आणि ते सगळं माझ्या दहा बोटांखालून डोक्याला पत्ता न लागता निघून गेलं. फ्लॉपी आयर्लंडला गेली, तिथून प्रुफं आली, तेव्हा फादरच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डोळ्याला पट्टी. प्रुफंही मीच तपासली, एकेक अक्षर चिठ्ठीशी ताडून. अख्ख्या पुस्तकात एकही चूक निघाली नाही. मी आठवडाभर मिरवत होते.

पुस्तक आलं, हिरव्या कव्हरचं, बोटभर जाडीचं. फादरनी ते हुंगलं, हातात तोललं आणि न उघडता डब्यात ठेवलं. छापलेलं पुन्हा वाचायचं नाही हा त्यांचा आणखी एक नियम. "पढ़ेगा तो गलती दिखेगा. गलती दिखेगा तो खाना नहीं जाएगा." एक प्रत थेट ब्रीदीकडे गेली होती. एक त्यांनी आम्हाला दिली.

व्हिक्टर सोफ्यावर आडवा होऊन पानं चाळत होता. एकाएकी तो ताडकन उठून बसला.

"सेलीन, आयर्लंडमध्येपण कोणीतरी सूट घालून बुडलाय गं."

मी पुस्तक ओढून घेतलं. पान वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं टायपिंग वाचलं.

"अगं, हा तर मी!" व्हिक्टरचा चेहरा उजळला. "मी आयर्लंडच्या इतिहासात!" तो हॉटेलच्या बँक्वेटमध्ये कामाला होता. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या किचनला सांगितलं.

मला मात्र तोंड दाखवायला जागा राहिली नाही. या माणसाने इतकी वर्षं दोन साक्षीदारांशिवाय एक ओळ लिहिली नव्हती, आणि मी त्याच्या गावात वसईचं बावखल खणून ठेवलं. तेही बहिणीच्या हातात पडायच्या पुस्तकात. सरळ जाऊन सांगायचं धाडस होईना. मग मला शहाणपण सुचलं. पापनिवेदनात सांगावं. मध्ये जाळी असते, तोंड दिसत नाही, आणि तिथे धर्मगुरूला रागावता येत नाही.

रांगेत माझ्यामागे पंधरा-वीस बायका होत्या. मी गुडघे टेकले आणि एका दमात सगळं ओकले. गठ्ठा, पाकीट, प्रुफं, जावई, बावखल. जाळीपलीकडे लाकडी खोका हलायला लागला. मला वाटलं, म्हातारे रडतायत. ते हसत होते.

"मंगळवारी भाचीचं पत्र आलं," ते कुजबुजले. "ब्रीदी नाताळपासून कोणालाच ओळखत नाही. भाचीलाही नाही."

मी जाळीला कपाळ टेकवलं.

"भाचीने तिला पुस्तक पहिल्या पानापासून वाचून दाखवलं. सगळी नावं. ब्रीदीचीच नावं. ती भिंतीकडे बघत होती. मग तुझ्या चिठ्ठीचं पान आलं. ब्रीदी हसायला लागली. म्हणाली, तो टूहींचा जावई! सूट निळा होता. मी कुंपणावर बसून सगळं बघितलं. आणि तिथून पुढे ती तासभर बोलत होती, मिसेस लोपीस. आईबद्दल, शाळेबद्दल, माझ्याबद्दल. मी लहानपणी किती रडका होतो ते तिने भाचीला सांगितलं."

"पण फादर, ते खोटं आहे! मी बाहेर येऊन तुम्हाला नीट सांगते, तुम्ही त्यांना दुरुस्ती पाठवा."

"बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. पत्र वाचून मला संशय आला होता. संशय हा एक साक्षीदार. दुसरी साक्षीदार तू, आणि तू इथे आलीस. इथे ऐकलेलं मला मरेपर्यंत बाहेर नेता येत नाही." पुन्हा खोका हलला. "शिवाय म्हातारा हॅनलन गुत्त्यात शपथेवर सांगतोय की टूहींच्या जावयाला त्यानेच हात देऊन बाहेर काढलं. त्या शेताला आता दोन साक्षीदार आहेत. माझ्याकडे एकही नाही. तीन वेळा 'नमो मरिया' म्हण आणि जा."

मी बाहेर आले तेव्हा अर्धा तास उलटून गेला होता. डोळे सुजलेले, तोंडावर हसू. रांगेतल्या बायकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. पुढचे कित्येक महिने रोल्लात माझ्या पापाविषयी काय काय बोललं गेलं ते मी व्हिक्टरलाही सांगितलेलं नाही.

ब्रीदी त्या उन्हाळ्यात गेली. फादर पोहोचेपर्यंत माती दिली होती. परत आल्यावर त्यांनी दहा प्रश्नांचं पत्र लिहायचं थांबवलं नाही, फक्त ते भाचीला पाठवू लागले. एकदा मी सुट्टीहून परतले आणि त्यांना सांगितलं की भावाने वाडी बिल्डरला दिली, बावखल बुजवलं, जावईबुडीवर चार मजले उभे राहिलेत आणि फाटकावर 'लेक व्ह्यू' लिहिलंय. फादरना रागावलेलं मी तेव्हाच पाहिलं. ते पाठ फिरवून खिडकीशी गेले, बाहेरच्या पार्किंगकडे बघत उभे राहिले आणि पठाणी हिंदीत अशी एक शिवी हासडली जी धर्मगुरूला माहीत नसायला हवी.

नवं शतक लागून दोन वर्षं झाली असतील. त्यांना परत बोलावणं आलं. निघायच्या दिवशी चर्चच्या आवारात तोबा गर्दी. नर्सेस रडत होत्या, केरळचे काका फाटकाच्या खटल्याबद्दल शेवटचं विचारून घेत होते. फादरनी दोन्ही डबे माझ्या हातात ठेवले. लाल डबा, कारण त्यात अजून निम्म्या चिठ्ठ्या टाइप व्हायच्या होत्या. पिवळा, कारण तो आमचाच होता.

गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली करून व्हिक्टरला बोलावलं. कानामागची पेन्सिल काढली.

"व्हिक्टर, एक बात. वो सूट. कलर क्या था?"

व्हिक्टर छाती काढून म्हणाला, "तपकिरी, फादर. ब्राउन. लग्नाचा सूट होता, मी कसा विसरेन?"

फादर विचारात पडले. देणगीचं एक पाकीट गुडघ्यावर ठेवून काहीतरी खरडलं आणि खिडकीतून माझ्या हातात दिलं. "टाइप करना."

मी ते वाचलं. टाइप करायच्या आधी वाचलेली माझ्या आयुष्यातली ती पहिली चिठ्ठी. 'जावई बुडाला ते शेत. सुटाचा रंग: निळा (ब्री.), तपकिरी (व्हि.). दोन्ही साक्षीदार विश्वासू.'

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मी खिडकीला धरून बरोबर चालू लागले. "फादर, ही कुठल्या डब्यात ठेवू? लाल की पिवळ्या?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं, आणि काच वर केली.

मी ती चिठ्ठी दोन वेळा टाइप केली.